गाणं गळ्याच्या मापाचं

मैत्रिणींनो, ब्लाऊज शिवायला टाकताना आपण शिंप्याला आपलंच माप देतो. शेजारणीच्या मापाचं ब्लाऊज कितीही सुरेख असलं तरी आपल्या अंगात बसायचं नाही, हे कुणी शिकवावं लागत नाही. मग गाण्याच्या वेळीच आपण लताबाईंचं नि आशाबाईंचं माप का घेतो बरं?

हा प्रश्न मला पडला तो चांगला हात पोळल्यावर. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. नांदेडला आमच्या वसाहतीत त्या वर्षी वाण लुटून झाल्यावर कराओके ठेवलं होतं. चाकांचा मोठा स्पीकर, एक माईक आणि मोबाईलवर सरकणारे शब्द. मी हौसेनं ‘मी मज हरपून बसले गं’ निवडलं. सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथांची चाल आणि गायलेलं आशाबाईंनी! मुखडा कसाबसा निभावला. अंतऱ्याला मात्र आवाज असा फाटला की, मागच्या रांगेत खसखस पिकली. कुणीतरी ते मोबाईलमध्ये टिपलंही. घरी पोचेस्तोवर ग्रुपवर आलं होतं!

यजमान म्हणाले, “छान होतं की.” पण वर्तमानपत्रातून डोकं न काढता. ते एक वेळ परवडलं. आठ दिवसांनी सहावीतली लेक हळूच म्हणाली, “आई, शाळेत पालकांचा कार्यक्रम आहे. तू गाण्यात नाव देऊ नकोस हं.” ते मात्र लागलं. मी अर्धवेळ शिक्षिका. वर्गात कविता चालीवर म्हणायची माझी सवय. त्यानंतर मी कविता नुसती वाचूनच दाखवायला लागले. घरातलं गुणगुणणंही थांबलं.

उन्हाळ्यात लातूरला माहेरी गेले. आई तुरीची डाळ निवडत ओवी गुणगुणत बसली होती. वय सत्तरच्या पुढे, पण सूर जागेवर. मी तिला सगळी हकीकत सांगितली. ती सुपातून नजर न काढता म्हणाली, “अगं, पण एवढं उंच कशाला म्हणायलीस? ओवी म्हणताना कुणाचा गळा फाटलेला ऐकलास का कधी?”

मी विचार करत राहिले. जातं ओढताना आधीच दम लागतो. म्हणून ओवीची चाल चार-पाच सुरांतच फिरते आणि ओळ एका दमात संपते. पंचमीच्या फेराची गाणीही तशीच. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. नाचता नाचता म्हणता यावीत, अशीच ती घडलेली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांना सोपं गाणं म्हणजे कमी प्रतीचं गाणं, असं कधी वाटलं नाही.

आणि गंमत पाहा, ज्या कराओकेनं माझी फजिती केली त्याचा जन्मही याच विचारातून झाला. हा शब्द जपानी. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचं छोटं रूप. म्हणजे गायकाची जागा मोकळी ठेवलेला वाद्यवृंद. कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचे वादक गाण्याची हौस असलेल्या गिऱ्हाइकांना साथ करत. एका गिऱ्हाइकाला गावाला जाऊन गायचं होतं आणि यांना तर बरोबर जाता येत नव्हतं. तेव्हा त्याच्या गाण्याला जुळेल अशी साथ त्यांनी टेपवर भरून दिली, अशी हकीकत सांगतात. त्यातूनच 1971 साली त्यांचं नाणं टाकून वाजणारं यंत्र आलं. म्हणजे मुळात साथ गाणाऱ्याच्या गळ्याला जुळवलेली होती. गळा साथीमागे फरफटत न्यायचा, असं नव्हतंच! तिकडच्या कितीतरी लोकप्रिय चाली म आणि नी वगळून पाचच सुरांत बांधलेल्या असतात. म्हणजे सूर आपल्या भूपाचेच की!

तर आता कामाचं बोलू. गाणं निवडताना मी काय पाहते, ते सांगते.

मुखड्यावर भाळू नका, अंतरा पाहा. आपल्याकडची बरीच गाणी मुखड्यात खाली असतात आणि अंतऱ्यात वर चढतात. म्हणून पोळ्या लाटताना आधी अंतऱ्यातली सगळ्यांत उंच ओळ म्हणून पाहा. हनुवटी वर गेली, मानेच्या शिरा ताठल्या की समजायचं, हे आपल्या मापाचं नाही.

दुसरं, दम. ओळी आखूड असाव्यात आणि मधे वाद्यांचे तुकडे असावेत, म्हणजे श्वास घ्यायला सवड मिळते. सुमन कल्याणपूर यांचं ‘केशवा माधवा’ या दृष्टीनं फार चांगलं. दशरथ पुजारींची चाल सरळ, कुठे वेडंवाकडं वळण नाही. ‘निंबोणीच्या झाडामागे’ ही तर अंगाईच, घाई नावाला नाही. ‘साधी माणसं’मधलं ‘ऐरणीच्या देवा तुला’ सगळ्यांच्या कानात बसलेलं आहे. ते थोडं खालच्या पट्टीत घ्यावं. ‘जिवलगा’ किंवा ‘मालवून टाक दीप’ घरी मन भरून ऐका. त्यांतल्या लांब मींडी आणि दूरच्या उड्या वर्षानुवर्षांच्या रियाजाच्या आहेत.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पट्टी. तयार साथ बहुधा मूळ गायिकेच्या पट्टीत असते. पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये अधिक-उण्याची खूण असते. एकदा दाबलं की साथ अर्ध्या सुरानं खाली किंवा वर सरकते आणि लय तीच राहते. लताबाईंच्या गाण्याला दोन-तीन घरं खाली येऊन पाहा. फार खाली मात्र जाऊ नका, नाहीतर मुखड्यातले खालचे सूर ऐकूच येणार नाहीत. पुरुषांची गाणी आपल्याला धड खालीही बसत नाहीत, धड वरही. अरुण दाते यांचं ‘या जन्मावर’ म्हणायचं असेल तर चार-पाच घरं सरकवून आपली जागा शोधावी लागते. यात कमीपणा कसला? हार्मोनियमवाले बुवासुद्धा आधी “पट्टी कोणती?” असंच विचारतात.

चौथं, शब्द पाठ हवेत. पडद्यावरच्या अक्षरांचा रंग बदलण्याची वाट पाहाल तर गाणं पुढे जाईल नि तुम्ही मागे राहाल. मधला वाद्यांचा तुकडा किती मात्रांचा, ते बोटांवर मोजून ठेवा.

पहिल्यांदाच माईक हातात धरणार असाल तर मैत्रिणीला सोबत घ्या. ‘शुक्रतारा’सारखं युगलगीत वाटून म्हटलं की दोघींनाही उसंत मिळते. माईक तोंडापासून चार बोटं दूर असू द्या. आणि हो, तिळाचा लाडू गाणं झाल्यावरच खा! घशात कण अडकला की उत्तम गळाही दगा देतो.

आठ दिवस एकच गाणं घोळवायचं. त्याला वेगळा वेळ लागत नाही. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना होतं ते.

यंदाच्या हळदीकुंकवाला मी ‘केशवा माधवा’ म्हटलं, दोन घरं खाली घेऊन. कुणी वाहवा केली नाही आणि कुणी हसलंही नाही. पण दुसऱ्या ओळीपासून पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी हलकेच माझ्याबरोबर म्हणू लागल्या. लेक स्पीकरजवळ मोबाईल धरून उभी होती. पुढच्या कडव्याचे शब्द पडद्यावर यायच्या आधीच तिच्या ओठांवर आलेले मी पाहिले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “आई, हे मला शिकव ना.”

दुसऱ्या दिवशी वर्गात कविता चालीवर म्हटली.

मैत्रिणींनो, लग्नानंतर तुमचंही गाणं कुठे मागे राहिलं असेल, तर ते असं मापाचं गाणं निवडून पुन्हा सुरू करा. आणि तुमच्या गळ्याला कोणतं गाणं बसलं ते मला जरूर कळवा, म्हणजे पुढच्या संक्रांतीला आपल्या सगळ्यांची मिळून एक यादी करता येईल.