तहहयात वेतन, पण कोणत्या भावाने?

प्रति,
केंद्रीय विश्वस्त मंडळ,
कर्मचारी भविष्यनिर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

महोदय,

पिंपरीच्या कारखान्यांत लेथवर उभे राहून ज्यांनी उमेदीची वर्षे काढली आणि आता पुण्याच्या पेठांत वा चिंचवडगावात ज्यांचे वार्धक्य चालू आहे, अशांपैकी मी एक असून, 1995 च्या नोव्हेंबरात अमलात आलेल्या आपल्या निवृत्तिवेतन योजनेविषयी हा अर्ज जाहीरपणे करीत आहे. बाब माझ्या एकट्याची असती तर टपालाने भागले असते.

निवृत्तिवेतनपात्र पगाराला सेवावर्षांनी गुणून 70 ने भागावे, असा आपला हिशेब. 2014 पासूनची 15,000 रुपयांची मर्यादा आणि 35 वर्षांची सेवा धरली तरी दरमहा 7,500 निघतात. 6,500 च्या जुन्या मर्यादेत ज्यांची नोकरी सरली, त्यांनी आपला आकडा चारचौघांत न सांगितलेलाच बरा.

तथापि रकमेच्या लहानपणाहून तिचे गोठलेपण मला अधिक अन्यायाचे वाटते. सरकारी निवृत्ताला वर्षातून दोनदा महागाईची भरपाई मिळते. आमच्या योजनेत तशी तजवीज नाही. माणूस किती जगेल याची जोखीम निधीने पत्करली हे रास्तच, पण त्या अवधीत डाळीचा, औषधाचा आणि घरभाड्याचा भाव कोठे जाईल याची जोखीम मात्र, ती पेलण्याचे साधन ज्याच्यापाशी उरलेले नाही, नेमकी त्याच्याच माथी आली. परिणामी ‘शतायुषी व्हा’ म्हणणाऱ्याला नमस्कार करताना म्हातारा मनातल्या मनात आकडेमोड करू लागतो.

मागे एका बँकेत हयातीचा दाखला देताना आमच्या एका जुन्या सोबत्याचा अंगठा यंत्राला पटेना. लोखंड हाताळून बोटांवरच्या रेषाच झिजल्या होत्या. तेथील मुलीने ओल्या फडक्याने बोट पुसून पुन्हापुन्हा दाबून पाहिले, आणि शेवटी यंत्राने चेहरा ओळखला तेव्हा काम भागले. (ही नवी सोय उत्तम, हे नमूद करतो.) एवढ्या खटाटोपाने जी रक्कम चालू राहिली, तिच्यात त्याचा महिन्याचा किराणाही भागत नाही.

श्री. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या समितीने 2013 साली किमान निवृत्तिवेतन 3,000 रुपये सुचविले. 2014 साली ठरले 1,000, आणि दशक उलटून गेले तरी आकडा तेथेच. तो वाढावा यासाठी बुलढाण्यात वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालले.

सबब विनंती, की किमान रक्कम वाढेल तेव्हा वाढो; ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडलेली वार्षिक वाढ, अंशतः का होईना, नियमांत दाखल करावी. तिचा खर्च विमागणित्यांकडून काढवून तो जाहीर करावा, म्हणजे केंद्र सरकारच्या 1.16 टक्के वर्गणीत किती भर पडली पाहिजे, याची चर्चा तरी आकड्यांवर होईल.

आपला,
पुण्यातील एक निवृत्त कामगार