चाचणीयंत्राची मालकी कोणाची?

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणच्या किनाऱ्यावर झाला. तारकर्लीसमोरच्या युद्धनौका लोकांनी डोळे भरून पाहिल्या. त्याच दिवशी राजकोटावर अनावरण झालेला शिवछत्रपतींचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. सोहळा आणि कसोटी या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मालवणकरांना वेगळे सांगावयास नको.

युद्धनौकेच्या कसोटीचा प्रश्न मात्र किनाऱ्यावरून दिसत नाही. शत्रूचे रडार हेरून त्याला चकविणारी ‘शक्ती’ ही इलेक्ट्रॉनिक युद्धप्रणाली नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलाला मिळाली. रचना हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेची, निर्मिती भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक कंपनीची. बारा संचांचा खर्च १,८०५ कोटी रुपये आणि पन्नासहून अधिक लघुउद्योगांचा हातभार. हे स्वावलंबन अभिमानास्पदच आहे. परंतु अशा यंत्रणेतील एखादा भाग बिघडला की तो काढून स्वयंचलित चाचणीयंत्राला जोडावा लागतो. ते यंत्र शत्रूच्या रडारसारखे स्पंद निर्माण करते आणि त्या भागाकडून येणारे उत्तर मोजून दोष दाखविते. प्रत्येक पुरवठादाराने आपापले निराळे यंत्र, निराळी जोडणी आणि निराळा आज्ञासंच गळ्यात मारला, तर गोदीत नुसती अडगळ साचते. आणि पुरवठादाराने पाठ फिरवली की कोट्यवधींचा संच मुका होतो.

अमेरिकेने हे पुरते भोगले. शस्त्रागणिक वेगळी चाचणीयंत्रे घेऊन झाल्यावर १९९४ मध्ये तिच्या संरक्षण खात्याने ठरावीक प्रमाणित यंत्रकुळांचे धोरण स्वीकारले. (समाजवादाच्या प्रेमाने नव्हे, खर्चाच्या धास्तीने!) अर्थशास्त्राच्या भाषेत ही विक्रीनंतरची मक्तेदारी होय. निविदेच्या दिवशी स्पर्धा असते, खरेदीनंतर ग्राहक बांधला जातो. हंगामाआधी व्यापाऱ्याची उचल घेणाऱ्या मच्छीमाराला हे गणित कळते: जाळे त्याचे, भाव दुसऱ्याचा.

यावर गुप्ततेची सबब पुढे येईल. शत्रूच्या रडारांची नोंदवही गुप्त हवीच. पण जोडणीच्या नमुन्यात आणि चाचणीच्या भाषेत कसले गुपित? प्रमाणीकरणाने तंत्रज्ञान गोठेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच आतील उपकरणे बदलती ठेवावीत. प्रमाण केवळ जोडणीचे आणि आज्ञासंचाचे असावे, आणि त्याची मालकी शासनाची असावी. ही अट कंत्राटावर सही होण्यापूर्वीच हवी. नंतर मागणाऱ्याला पुरवठादार सांगेल ती किंमत मोजावी लागते.

भारत इलेक्ट्रॉनिक्समधील शासनाचा हिस्सा निम्म्याहून किंचितच अधिक उरला आहे. तो आणखी घटण्याआधी हे प्रमाण नौदलाच्या नावे नोंदले गेले पाहिजे, आणि चाचणीयंत्रांवरील खर्चाचा स्वतंत्र तपशील आपल्या प्रतिनिधींनी संसदेत मागितला पाहिजे.