नकली घड्याळाचा खरा भुर्दंड

महागड्या स्विस घड्याळांच्या हुबेहूब नकला घेणारा वर्ग आता केवळ मिरवणाऱ्यांचा राहिलेला नाही. पहिल्या पगारातून चार पैसे बाजूला टाकून घड्याळांचा छंद लावून घेऊ पाहणारा कारकून, विद्यार्थी, तरुण शिक्षक हाही त्यात सामील झाला आहे. त्याचा युक्तिवाद सरळ आहे : रोलेक्सची किंमत लाखांच्या घरात, ती आपल्या आवाक्यातली नव्हे, मग काही हजारांत तेच रूप मनगटावर येत असेल तर नुकसान कोणाचे? जिनिव्हाच्या कारखानदाराचे एकही गिऱ्हाईक त्यामुळे तुटत नाही.

या युक्तिवादाचा पूर्वार्ध खोडून काढणे सोपे नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्येच दाखवून दिले होते की, काही वस्तूंची महागाई हाच त्यांचा गुण ठरतो. सेको या जपानी कंपनीने १९६९ साली पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणल्यावर अचूक वेळ ही हळूहळू स्वस्त वस्तू झाली. आज लाखांचे यांत्रिक घड्याळ काही शे रुपयांच्या क्वार्ट्झइतकी अचूक वेळ दाखवीत नाही. तेव्हा त्या किमतीत कारागिरीइतकाच नावाचाही वाटा आहे, हे उघड आहे. जीन ग्रॉसमन व कार्ल शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ साली मांडले की, प्रतिष्ठेच्या वस्तूंची नक्कल घेणारा बहुधा फसलेला नसतो. वस्तूची प्रतिष्ठा तिच्या गुणवत्तेपासून अलग करून तेवढीच तो स्वस्तात विकत घेतो.

परंतु नवा छंदिष्ट म्हणतो, मला प्रतिष्ठा नको, यंत्र समजून घ्यायचे आहे. येथेच हिशेब उलटतो. गुणवत्तेची माहिती विक्रेत्याला असते व ग्राहकाला नसते, अशा बाजारात वाईट माल चांगल्या मालाला हुसकावून लावतो, हे जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० साली स्पष्ट केले. त्यावर उपाय दोन : हमीपत्र आणि विक्रेत्याने पणाला लावलेले स्वतःचे नाव. नकलेचा विक्रेता दुसऱ्याचे नाव वापरतो. गमावण्यासारखे त्याचे स्वतःचे काहीच नसते. आतील यंत्र कोणते, ते पाणी अडवील काय, याची शाश्वती कोणी देत नाही. बिघाड झाला तर अधिकृत दुरुस्ती केंद्र घड्याळ हाती घेत नाही आणि कोपऱ्यावरच्या घड्याळजीपाशी त्याचे सुटे भाग नसतात. पावतीच नसल्याने ग्राहक आयोगापुढे जाण्याची वाटही बिकट होते. अर्थात, नावाच्या बाबतीत न फसलेला ग्राहक बाकी सर्व बाबतींत फसू शकतो.

जुन्या घड्याळांच्या बाजारातही हा धोका आहे. निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून, तबकडी नव्याने रंगवून विकल्या जाणाऱ्या जुन्या सेको वा एचएमटी घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. महाराष्ट्राच्या राजधानीला हा लौकिक भूषणावह नाही.

आता उत्तरार्ध : नुकसान कोणाचे? दहा हजारांची नक्कल घेणारा दहा लाखांचे अस्सल घड्याळ कधीच घेणार नव्हता, हे खरेच. पण त्याच दहा हजारांत तो स्वतःच्या नावाने विकले जाणारे, हमीसह मिळणारे साधे यांत्रिक घड्याळ घेऊ शकला असता. तुटते ते गिऱ्हाईक त्या प्रामाणिक उत्पादकाचे. बंगळूरला १९६१ पासून घड्याळे बनविणाऱ्या एचएमटीचा व्यवसाय गुंडाळण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. त्याचे खापर नकलांवर फोडता येणार नाही. क्वार्ट्झकडे वळण्यातील दिरंगाई आणि टायटनची स्पर्धा ही कारणे त्यामागे होती. तथापि, ‘जनता’सारख्या साध्या, किल्लीच्या घड्याळाची जागा घेऊ पाहणाऱ्या नव्या उत्पादकाला आज नकलांशीही झुंजावे लागते, हे विसरता येत नाही.

कायद्याचा रोख योग्य दिशेला आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार नकली चिन्ह लावणाऱ्यास व असा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते. स्वतःसाठी घेणाऱ्यावर हे कलम रोखलेले नाही. परंतु मागणी आहे तोवर एक गाळा बंद झाला तरी दुसरा उघडणारच. १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आलेल्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेबरोबरच्या करारामुळे स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल; त्याचा लाभ मुख्यतः वरच्या थरालाच मिळेल. नवख्याची गरज निराळी आहे. यंत्र ओळखायला शिकायचे असेल, तर ज्या यंत्राविषयी विक्रेता खरे बोलतो, ते कितीही साधे असले तरी त्यापासूनच आरंभ करणे त्याच्या हिताचे आहे.