चाकावरचं घर आणि पाचटाची कोपी

साखरेच्या हंगामाला परगावचा मजूर आपलं घर बरोबर घेऊन येतो, हे फक्त आपल्याकडंच घडतं असं आपण धरून चालतो. तसं नाही. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाच्या सरहद्दीजवळ, मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा या दोन राज्यांच्या मधून रेड नावाची नदी वाहते. तिच्या खोऱ्यात साखर होते ती बिटापासून. ऑक्टोबर लागला की तिथल्या कारखान्यांच्या गावांत बाहेरून शेकडो माणसं कामाला येतात. त्यातली बरीच जण राहतं घरच गाडीमागं जोडून किंवा गाडीतच घेऊन येतात. या गाडीला तिकडं आरव्ही म्हणतात. आत बिछाना, शेगडी, लहानसा संडास, सगळं असतं. ती जिथं उभी करायची त्या तळाला आरव्ही पार्क म्हणतात.

पार्क म्हटलं की आपल्याला बाग आठवते, पण इथं बागेचा संबंध नाही. सपाट, निचऱ्याच्या जमिनीवर एका गाडीपुरत्या जागा आखलेल्या असतात. चांगल्या पार्कात प्रत्येक जागेला तीन जोडण्या मिळतात : विजेचा खांब (३० किंवा ५० अँपिअरचा), पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायला पाइपाचं तोंड. गाडी लावली, तिन्ही जोडण्या केल्या की संसार सुरू. यातली एक जरी नसली तरी लाखाची गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. म्हणजे घर चाकावरचं असलं तरी माणसानं नीट राहणं ठरतं ते खालच्या जागेवर. या लेखाचा मुद्दा तोच आहे.

आता बिटाचं काम कसं चालतं ते पाहू. बीट काढायला तिकडं शेतकऱ्याची यंत्रं असतात, कोयता नसतो. काढलेलं बीट ट्रकनं केंद्रावर येतं, तिथं मोठ्या यंत्रानं त्याचे उंच ढीग लावतात आणि थंडीत गोठवून ते महिनोन् महिने गाळपाला पुरवतात. ढीग लावण्याचं मुख्य काम साधारण दोन आठवड्यांत उरकायचं असतं. दिवसरात्र, बारा-बारा तासांच्या पाळ्या. ऊन वाढलं तर बीट ढिगात सडतं म्हणून काम थांबवतात; पाऊस आला, जमीन गोठली तरी थांबतं. ट्रकला इशारे करणं, नमुन्याच्या पिशव्या भरणं, यंत्राखालचा चिखल फावड्यानं ओढणं, अशी कामं हे बाहेरून आलेले लोक करतात. त्यात साठी ओलांडलेले म्हातारेसुद्धा असतात. २००८ च्या मंदीत कुणाचं घर गेलं, कुणाची पुंजी गेली, आणि गाडीत राहून हंगामामागं फिरणं नशिबी आलं. जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी २०१७ साली या लोकांवर ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिलं, पुढं त्यावर सिनेमाही निघाला. तेव्हा तिकडं सगळा स्वर्ग आहे असं कुणी समजू नये. म्हातारपणी थंडीत चिखल ओढायला लागणं यात मिरवण्यासारखं काही नाही.

पण एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी आहे. या खोऱ्यातला सर्वांत मोठा कारखाना अमेरिकन क्रिस्टल शुगर हा सहकारी आहे. बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी १९७३ साली तो विकत घेतला, मालक तेच. आणि हंगामाला येणाऱ्या मजुराला नोकरी सांगतानाच सांगितलं जातं की तीन जोडण्यांची जागा मिळेल आणि तिचं भाडं कारखाना देईल. हे ते लोक दयाबुद्धीनं करतात असं मला वाटत नाही. दोन आठवडे माणूस मिळाला नाही तर बीट रानात गोठून जाईल, हा साधा हिशेब आहे. तोडणी-वाहतुकीच्या खर्चात आपण जसं डिझेल धरतो, तसा त्यांनी तळ धरला.

तिथंही हे पहिल्यापासून नव्हतं. एके काळी त्याच खोऱ्यात बिटाची विरळणी आणि खुरपणी करायला टेक्सासहून मेक्सिकन वंशाची कुटुंबं लेकराबाळांसह येत, आणि त्यांच्या राहण्याची दैना आपल्या कोप्यांना शोभेल अशीच होती. पुढं तणनाशकं आली, २००८ पासून तणनाशक सहन करणारं बीट आलं आणि ते काम जवळजवळ संपलं. मात्र मालकानं मजुरांसाठी उभारलेल्या तात्पुरत्या छावणीचा नियम त्या देशाच्या कायद्यात आजही आहे, आणि तो चक्क फुटात आणि गॅलनात लिहिलेला आहे. झोपायच्या खोलीत माणशी ५० चौरस फूट जागा. दर १५ माणसांना एक संडास, आणि तो झोपायच्या जागेपासून २०० फुटांच्या आत. दर १० माणसांना अंघोळीचा एक फवारा. पाणी माणशी रोज ३५ गॅलन, म्हणजे १३० लिटरच्या वर. जनावरांचा गोठा छावणीपासून ५०० फूट लांब. ‘पुरेशा सुविधा द्याव्यात’ असं गुळमुळीत लिहिलं की तपासणाऱ्याला काही तपासता येत नाही. फूट लिहिला की टेप लावता येतो.

त्याच अमेरिकेची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती जागेचीच आहे. तिकडं मोबाइल होम पार्क हा वेगळा प्रकार आहे. कारखान्यात तयार झालेलं घर आणून भाड्याच्या जागेवर ठेवतात आणि लोक तिथं कायमचे राहतात. अशा कारखान्यात बनलेल्या घरांत दोन कोटींच्या आसपास अमेरिकन लोक राहतात. नाव मोबाइल, पण एकदा बसवलेलं घर हलवायला हजारो डॉलर लागतात, म्हणून ते हलत नाही. जमीनमालकानं भाडं वाढवलं की घरमालकाला मुकाट भरावं लागतं. यावर न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावच्या रहिवाशांनी १९८४ मध्ये संस्था काढून पार्कची जमीनच विकत घेतली, आणि पुढं अनेक राज्यांत तसे पार्क झाले. सहकार म्हटलं की आपल्याला कारखाना, सोसायटी आणि दूध डेअरी आठवते. राहत्या जागेचाही असा सहकार होतो.

आता आपल्याकडं या. दसरा-दिवाळी झाली की बीडसारख्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा बैलगाडीत भांडी, धान्य, शेळी, लेकरं आणि वर बांबू-ताडपत्री. हे आपलं चाकावरचं घर. फरक असा की यांचा मुक्काम दोन आठवड्यांचा नसून चार-पाच महिन्यांचा, आणि तीन जोडण्यांपैकी एकही बहुतेक तळावर नाही. पाणी जवळच्या विहिरीचं, कॅनॉलचं, नाहीतर कुणाच्या तरी मेहेरबानीचं. बाई पहाटे तीनला उठते ते पाण्यासाठी आणि भाकरीसाठी. तोडीला जायच्या आधी तिचा निम्मा दिवस झालेला असतो. उजेड मोबाइलच्या बॅटरीचा. संडास म्हणजे उसाची सरी. कोपीत माणशी ५० फुटांचा हिशेब लावायचा तर चार माणसांचं कुटुंब दोन माणसांच्या जागेत, त्यातच चूल आणि भोवती पाचट.

माझ्या सजातल्या एका गावात तळ ओढ्याच्या काठाला, सखल रानात असे. अवकाळी पावसानं एका रात्रीत कोप्यांत पाणी शिरलं, धान्य भिजलं, आणि तिसऱ्या दिवसापासून हगवणीचे पेशंट सुरू झाले. टोळी चार दिवस बसून राहिली. तेवढ्यात ज्यांच्या उसाचा नंबर लागला होता त्यांचा तुटलेला ऊस फडातच वाळला. नुकसान मजुराचं झालंच, शेतकऱ्याचंही वजनात झालं. जागा शंभर पावलं वर, मुरमाच्या रानात दिली असती तर एवढ्यावर आलं नसतं. माती पाहून पीक सांगणारे आम्ही लोक, पण हा निचरा कुणी पाहिला नव्हता. मीही नाही.

कायद्याचा आधार शोधायला जावं तर १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसत नव्हता. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालं, कारखान्यांकडून टनामागं १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून, असं ठरलं. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे त्यात ५० लाख होतात. रक्कम लहान नाही, पण ती ओळखपत्र, विमा, वसतिगृह अशा अनेक वाटांनी जाणारी आहे, आणि तळावरचा नळ हा कुणा एकाच्या नावावर लिहिलेला नाही. याउलट गंमत पाहा. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाडीतच राहून फिरणाऱ्या पर्यटकांच्या पार्कला पाणी, रस्ता, वीज लागते हे त्यात लिहून ठेवलं आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याची गरज आपल्याला कागदावर मांडता आली.

शेतकऱ्याची बाजू मी विसरलेलो नाही. खुशालीच्या नावाखाली एकराला पैसे मोजायचे, उचल घेऊन टोळी फरार झाली की वाहनमालकानं कर्ज फेडत बसायचं, त्यात वर या लोकांच्या संडासाचं आम्हीच बघायचं का, असं मला बांधावर विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण टोळ्या दरवर्षी कमी येतात, हार्वेस्टर लहान तुकड्यात आणि ओल्या रानात चालत नाही, आणि मुकादम टोळी कुठं उतरवायची ते ठरवताना पाणी कुठं जवळ आहे हे विचारायला लागला आहे. ग्रामपंचायतीची अडचण वेगळी : या लोकांचं मत आपल्या यादीत नाही. खरं तर एवढंच कारण आहे, बाकी निधी नाही वगैरे नंतरचं.

काम म्हणाल तर अवघड नाही. कारखान्याच्या शेती खात्यानं गटवार तळ ठरवावेत. उंच, मुरमाड जागा, गरज पडली तर खोडवा मोडलेलं रान पाच महिन्यांच्या भाड्यानं. पाण्याची टाकी भरणं आणि टीसीएल टाकणं ग्रामपंचायतीकडं, टाकीचं भाडं आणि हलवता येणारे संडास कारखान्याकडं, दोन खांबांवर दिवे. बैल कोप्यांपासून लांब, पाचटाचा ढीग त्याहून लांब. अंगणवाडी सेविकेनं आणि आशाताईंनी आठवड्यातून एकदा तळावर फेरी मारावी; लहान लेकरांचा आहार ती ज्या गावात आहेत तिथंही देता येतो. हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेतला तर जागा ठरवायला दोन महिने मिळतात. दसऱ्यानंतर घेतला, तर ट्रॉल्या ओढ्याच्या काठाला उतरलेल्या असतात.