बर्फाचे गणित आणि आपला पाऊस

रक्तातील साखर मोजणारे नवे यंत्र रुग्णालयात आले, की त्याच्या आकड्यावर विसंबून लगेच इन्सुलिन दिले जात नाही. साखरेचे प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर ते यंत्र तपासले जाते. हवामानाचे भविष्य सांगणाऱ्या संगणकीय मॉडेलांनाही हाच नियम लागू पडतो. बर्फाच्या बाबतीत तर अधिकच.

ताजा बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या उन्हापैकी ८० ते ९० टक्के परत फेकतो. तो वितळला की खालची काळी जमीन ऊन शोषून तापते आणि आजूबाजूचा बर्फही लवकर वितळतो. हे चक्र मॉडेलमध्ये चुकले, तर तापमानवाढीचा अंदाजही चुकतो. पण बर्फ काही सरळ वागत नाही. तो दबतो, मळतो, झाडांच्या फांद्यांवर अडकतो आणि पांघरुणासारखा जमिनीची ऊबही धरून ठेवतो.

मॉडेलांची पारख करण्यासाठी ‘ईएसएम-स्नोमिप’ हा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहिला. स्वित्झर्लंड, फ्रान्स, फिनलंड, जपान, कॅनडा आणि अमेरिकेतील दहा ठिकाणच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यासाठी वापरल्या गेल्या. तेथील ऊन, वारा, तापमान आणि हिमवृष्टी मॉडेलला द्यायची, बर्फ किती साठला व केव्हा वितळला हे त्याने सांगायचे आणि ते उत्तर प्रत्यक्ष मोजमापाशी ताडायचे, अशी ही परीक्षा. २०२१मध्ये शास्त्रज्ञांनी तिचा आढावा प्रसिद्ध केला आणि काही चुका विज्ञानाच्या नव्हे, तर माणसांच्या होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले. आमच्याकडे मृत्यूंचा आढावा घेताना हाच प्रामाणिकपणा सर्वांत अवघड जातो. आणि पुढचा रुग्ण वाचतो तो त्यामुळेच.

मात्र या दहा ठिकाणांत हिमालय नाही, आणि आपली काळजी इथेच आहे. सिंधूच्या खोऱ्यात उन्हाळ्यातील पाण्याचा मोठा वाटा वितळलेल्या बर्फाचा असतो. महाराष्ट्राचाही यात संबंध आहे. भारतीय हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४मध्येच मांडले होते, की हिमालयात बर्फ जास्त पडला तर पुढचा मोसमी पाऊस कमी होण्याचा संभव असतो. हे नाते दरवर्षी तसेच दिसत नाही. म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवे.

एका देशातील रुग्णांवर पारखलेला औषधाचा डोस दुसऱ्या देशात डोळे झाकून देऊ नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो. हिमालयातील बर्फ वेगळ्या उंचीवरचा, वेगळ्या उन्हातला, मैदानातील धूर आणि धूळ अंगावर घेणारा. त्याची परीक्षा त्याच्याच नोंदींवर व्हायला हवी. त्यासाठी उंचावर मोजमाप केंद्रे हवीत, ती वर्षानुवर्षे चालवणारी माणसे हवीत आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या हव्यात. हे काम बातमीत चमकणारे नाही, आणि रोज न चुकता ताप मोजून तक्त्यावर लिहिणेही नसते. पण निदान अखेर त्या तक्त्यावरूनच होते.