नव्या जन्माची तारीख

आपल्याकडे 'द्विज' हा मोठ्या मानाचा शब्द. दात एकदा पडून पुन्हा येतात म्हणून तेही द्विज. पक्षी आधी अंड्याच्या रूपाने आणि मग अंडे फोडून जन्मतो म्हणून तोही द्विज. आणि मुंज झालेला आठ वर्षांचा बटूही द्विजच! बाईला मुंज नाही. तिचे लग्न हीच तिची मुंज, असे शास्त्रकारांनी सांगून टाकले. तेव्हा दुसऱ्या जन्माची कल्पना आपल्याला बोटीतून आलेल्या मिशनऱ्यांनीच शिकवली, असे काही नाही.

म्हणूनच ख्रिस्ती माणूस 'नवा जन्म' म्हणतो तेव्हा आपल्याला ते ओळखीचे वाटते. एक विधी, थोडे पाणी, नोंदवहीत नाव आणि तारीख. झाला माणूस नवा! शुभवर्तमानातला निकदेम चांगला शास्त्री होता. रात्री येशूकडे येऊन त्याने विचारले, म्हाताऱ्याने पुन्हा जन्म घ्यावा तरी कसा? मला वाटते, त्या प्रश्नाला आपल्याच तीन माणसांनी आयुष्य खर्चून उत्तर दिले आहे. गंमत अशी की, तिघांची वाट निराळी.

पहिल्या पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. नोंदवहीच्या हिशेबाने त्या तेव्हाच नव्या झाल्या. पण पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो सापडायला आणखी आठ वर्षे लागली. एवढ्या विदुषीने, एवढा लोकापवाद सोसल्यावर, 'मी अजून पोहोचलेच नव्हते' असे म्हणावे, याला छाती लागते.

दुसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा या बाईंवर आभाळ कोसळले. नवरा जिवंत, पण धर्माने परका. चार-पाच वर्षे ताटातूट. नगरला पुन्हा एकत्र आल्या त्याही आपले सोवळे घेऊन. चूल वेगळी, पाणी वेगळे. पुढे राहुरीला असताना त्यांनी स्वतःलाच विचारले, या जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले आणि कोणाच्याही हातचे खायचे, असे त्यांनी ठरवले. तिथे पाद्री नव्हता, मंत्र नव्हता, टाळ्या वाजवायला कोणी नव्हते. बाप्तिस्मा झाला तो त्यानंतर, १९०० साली. रमाबाईंचे पाणी आधी आणि पालट मागून. लक्ष्मीबाईंचा पालट आधी आणि पाणी मागून!

तिसरे खुद्द टिळक. बाप्तिस्म्यानंतर वीस-बावीस वर्षे त्यांनी मिशनात काम केले. अभंग लिहिले, कीर्तने केली, नाव झाले. एखादा म्हणाला असता, आता निवांत बसावे. पण १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभारला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्यालाही जागा होती आणि न झालेल्यालाही. ज्या पाण्यापायी त्यांना घरदार दुरावले होते, त्या पाण्याचा उंबरठाही त्यांनी दुसऱ्यासाठी आड येऊ दिला नाही. दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते गेले.

मग नवा माणूस ओळखायचा कसा? नावावरून म्हणाल, तर तीही खूण फसवी आहे. लग्नात माहेरच्या मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. बाप्तिस्म्यानंतरही ती लक्ष्मीबाईच राहिली. टिळक नारायण वामनच राहिले. रमाबाईंना 'मेरी रामा' असे नाव मिळाले होते, पण ते आज किती जणांना ठाऊक आहे?

मला दिसते ती खूण वेगळी आहे. तिघांचेही 'आपले' म्हणण्याचे रिंगण मोठे झाले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणून केडगावला पोटाशी धरल्या. लक्ष्मीबाईंच्या घरात परक्यांची पोरे पोरांसारखी वाढली. टिळकांनी तर दाराला कडीच ठेवली नाही. उलट, धर्म बदलूनही पंगतीत जात पाहणारी माणसे हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती समाजात पूर्वी होती आणि आजही आहेत. त्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख वहीत अगदी बिनचूक सापडेल.

या तिघांपैकी कोणीही मराठीपण टाकले नाही. टिळकांनी ख्रिस्त गायला तो अभंगातून, आणि त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जुनी भाषा तीच, जुने नाव तेच. घर मात्र मोठे झालेले. नव्या जन्माचा एवढा दाखला मला तरी पुरतो. आणि तो मिळवायची सक्ती एकट्या ख्रिस्ती माणसावरच आहे, असे थोडेच आहे?