मासे धरायला जायचंय? आधी महिना कुठला ते बघा



आमच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. पुण्याचा पुतण्या दोन मित्रांना घेऊन येणार आणि सगळ्यांना चंदगडच्या डोंगरात, तिलारीनगरच्या तलावावर गळ टाकायला जायचंय. तारीख त्यांनी ठरवूनही टाकली. जुलैचा पहिला शनिवार-रविवार. धुकं असतं, पाऊस असतं, फोटो झकास येतात म्हणे. मी एकटाच "नको" म्हणालो, तर "काका आता म्हातारे झाले" असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आम्हा बेळगावकरांना चंदगड परकं नाही. 1956 साली बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. नकाशावर रेघ पडली, पण सोयरीक कुठं तुटते? माझ्या आजीचं माहेर तिकडचंच. दर पावसाळ्यात वडील मला घेऊन जायचे. बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या दांड्याचं बूच आणि डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळं, एवढंच सामान.

मी अकरा वर्षांचा असेन. गावच्या तळ्यात काठाजवळ पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. तांबड्या रंगाची बारीक पिल्लं शेकड्यानं वर येत होती, परत खाली जात होती. मी नेमका तिथंच गळ टाकला. लगेच ओढ बसली. हातभर लांब मरळ! गावभर मिरवत घरी आणली. आजीचा भाऊ, आमचे मामाआजोबा, ओट्यावर बसले होते. त्यांनी मासा बघितला आणि एवढंच विचारलं, "पिल्लं होती काय रे तिथं?" मी अभिमानानं "होय" म्हणालो. त्या रात्री ते मासा न वाढताच जेवले.

नंतर वडिलांनी समजावलं. मरळीची जोडी पिल्लांची राखण करते. पिल्लं वर फिरतात आणि आई-बाप खाली पहारा देतात. जवळ काही आलं की अंगावर धावून जातात. माझ्या गळाला मासा लागला तो भुकेनं नव्हे, पिल्लांसाठी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तळ्यावर गेलो. पाणी शांत होतं. ते शांत पाणी मला आजही दिसतं.

पहिल्या पावसात ओढ्यांतून उलटे वर चढणारे चढणीचे मासेही असेच. अंडी घालायला निघालेले असतात. पोटात गाबोळी असते म्हणून आपल्याकडे चवीनं खातात. मीही खाल्लेत, खोटं कशाला बोलू? पण आज ओढे कमी झालेत आणि गाड्या घेऊन येणारे वाढलेत. गावातल्या चार घरांनी टोपलीभर मासे धरणं वेगळं आणि तीन शहरांतल्या लोकांनी सुट्टी म्हणून धरणं वेगळं.

पुतण्या म्हणतो, "काका, तिथं जाळ्यानं ढिगानं मासे काढतात. आमच्या एका गळानं काय होतंय?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. पण महाराष्ट्रात तलावातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्यानं दिलेली असते. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली पैसे मोजून सोडलेली असते. म्हणजे आपण "फुकट" धरतो तो मासा कुणाच्या तरी पोटापाण्याचा असतो. आधी गावात जाऊन विचारायचं, परवानगी घ्यायची, सांगतील ते पैसे द्यायचे. आपण सीमेपलीकडचे पाहुणे आहोत, पाहुण्यासारखं वागायचं.

तेव्हा माझं म्हणणं असं. दिवाळी होऊ दे, मग जाऊया. पाणी निवळलेलं असतं, काठ घसरडा नसतो. जुलैत घाटमाथ्यावरच्या पावसात पाय कुठं टाकतोय ते दिसत नाही आणि धरणाचा काठ एकदम खोल होत जातो. पोरं पोहणारी असली तरी मला ते नको. जेवणापुरते दोन-तीन मासे ठेवायचे, लहान सगळे सोडायचे. तुटलेला तंगूस गोळा करून परत आणायचा, कारण त्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात. भाकऱ्या आणि लसणाची चटणी घरून नेऊ. मासा मिळाला नाही तर उपाशी राहायची वेळ येणार नाही!

पुतण्यानं अजून उत्तर दिलेलं नाही. फक्त काल रात्री उशिरा विचारलं, "काका, मरळीची पिल्लं खरंच तांबडी असतात?" म्हटलं, असतात. जुलैत ये की, लांबून दाखवतो. गळ मात्र घरी ठेवून यायचं.

तुमच्या घरी चढणीच्या माशांबद्दल, तळ्याबद्दल वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला काही नियम होता काय? खाली नक्की लिहा. आमच्या ग्रुपवर मला पाठिंबा हवाय!